तुझ्याकडचं दार

मार्था, तुझी पेटी कुठल्या दाराने आत न्यायची यावरून माणसं शाळेच्या फाटकाशी अडून राहिली होती, हे तुला कुणीतरी सांगायला हवं. तुला ते फार आवडलं असतं. मुलुंडहून गाडी आली ती सरळ आपल्या उपासनेच्या हॉलच्या रस्त्याकडच्या दारासमोर थांबली. ड्रायव्हर परका माणूस, त्याला काय ठाऊक की ते दार आमचं आहे. पेटी खाली घेतली आणि तुझा चुलता, नाथाकाका, या वयात काठी आडवी धरून उभा राहिला. "हिकडनं न्हाई," म्हणाला, "मारथी जल्मात कधी हिकडनं आत गेली न्हाई." तुझा सामू रडवेला होऊन म्हणाला, "आजोबा, आज तरी राहू दे ना." त्यावर काका म्हणाला, "आज तर मुळीच न्हाई."

मैदानाकडचं फाटक रविवारशिवाय उघडत नाही. मग शिपायाच्या घरी माणूस धावला, किल्ली आली, आणि तू चौघांच्या खांद्यावरून मैदानाला वळसा घालून तुझ्या दाराने आत आलीस. मी पहिल्या बाकावर बसून सगळं ऐकत होते. मला हसू फुटलं. विहिणीच्या अंत्यविधीला हसू येणं काही बरं नव्हे, म्हणून पदर तोंडाला लावला, तर लोकांना वाटलं शांताबाई रडतायत. रडतही होते म्हणा. दोन्ही एकदम चाललं होतं.

दफन झाल्यावर सामूच्या घरी चहा घेताना नव्या पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, पेटी आत आणायला उशीर का झाला?" ते आपल्याकडे नवीन, आपल्या गावचे नाहीत, त्यांना काय कळणार? मग मी त्यांना हिवरदरीच्या देवळाची सगळी गोष्ट सांगितली. सांगताना सवयीने मधे मधे थांबत होते, तू तोंड घालशील म्हणून. कुणीच घातलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती गोष्ट माझी सलग सांगून झाली आणि मला ती अगदी अळणी वाटली. म्हणून आता पुन्हा तुलाच सांगते. तुला पाठ आहे, तरी ऐक.

हिवरदरीत आमचा महारवाडा वरच्या अंगाला आणि तुमचा मांगवाडा ओढ्याकडे. मधे चिंच. मेथडिस्ट मिशनचे साहेब पहिल्यांदा आले ते त्या चिंचेखाली तंबू ठोकून राहिले. दोन्ही वाड्यांची माणसं त्यांचं ऐकायला जमली, आमची चिंचेच्या अलीकडे, तुमची पलीकडे. पुढे दोन्हीकडच्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण चिंचेच्या बाजू कुणी बदलल्या नाहीत. गावाने आपल्या दोघांनाही विहिरीवर चढू दिलं नाही आणि आम्ही तुम्हाला आमच्या आडावर चढू दिलं नाही. या वाक्याला तू हमखास हात वर करायचीस. "आम्ही म्हणजे कोण गं? नाव घे." मी म्हणायची, "माझा आजा." "हां," तू म्हणायचीस, "आता पुढे सांग."

पुढे दुष्काळ पडला आणि लोकांच्या हाताला काम म्हणून मिशनने देऊळ बांधायला काढलं. आपण त्याला कधी चर्च म्हटलं नाही, देऊळच म्हटलं. साहेबांनी कागदावर एक दार काढून दिलं, गाडीवाटेच्या तोंडाला. मग उन्हाळा लागला तसे साहेब डोंगरावर थंड हवेला गेले आणि इकडे दोन्ही वाड्यांत जुंपली. दार एक म्हटल्यावर आधी कोण जाणार? कुणाच्या मागून कोण? दगड ओढ्यातून डोक्यावर वाहून आणले दोघांनी, आणि आत जायला मात्र दोघांना एक दार चालेना. शेवटी तुझा आजा आणि माझा आजा एकत्र बसले. त्या दोघांचं उभ्या आयुष्यात या एकाच गोष्टीवर एकमत झालं. त्यांनी साहेबांचं दार गाळून टाकलं आणि समोरासमोरच्या भिंतींत दोन दारं ठेवली, एक वरच्या वाड्याकडे आणि एक ओढ्याकडे.

साहेब परत आले. घोड्यावरून उतरले, आमच्या दाराने आत गेले, तुमच्या दाराने बाहेर आले, टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "फार छान. वारा चांगला खेळतो."

इथे तू हसून हसून बेजार व्हायचीस. किती वेळा ऐकलंस तरी. पुढे आपल्यात ती म्हणच पडली. सामूचं आणि माझ्या प्रमिलाचं भांडण झालं की तू मला निरोप धाडायचीस, "आमच्याकडे वारा चांगला खेळतोय, येऊन जा." मी समजायचे आणि मुलुंडची बस धरायचे.

पाळकसाहेब मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "आणि प्रभुभोजन?" माणूस हुशार आहे हो. मी म्हटलं, प्रभुभोजनाला वेदीपुढच्या कठड्याशी सगळे एका ओळीत गुडघे टेकायचे, पण एका महिन्यात भाकर आमच्या टोकाकडून वाटत यायची आणि पुढच्या महिन्यात तुमच्या. कुठला महिना कुणाचा, हे पाळकापेक्षा बायकांना पक्कं ठाऊक असायचं. मग एक तरुण पाळक बदलून आले. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी ताट उचललं आणि थेट ओळीच्या मधोमध सुरुवात केली. मधे माझी आई आणि तिच्या शेजारी तुझी आई, दोघींच्या मधे हातभर जागा सोडलेली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आता काय करायचं म्हणून, आणि दोघींनी एकदमच हात पुढे केले. आपण दोघी मागे चटईवर होतो, आठवतं? तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्या होत्यास. त्या दिवसापासून महिन्यांची पाळी मोडली. दारांची मात्र नाही मोडली.

मला नेहमी नवल वाटायचं ते बोर्डिंगचं. तालुक्याच्या मिशन बोर्डिंगात आपण एका पंगतीत बसलो, एका मडक्यातलं पाणी प्यायलो, एका फणीने उवा काढल्या. तुझ्या डोक्यातल्या माझ्या डोक्यात आल्या की माझ्या तुझ्या, हा वाद अजून मिटायचाच आहे. आणि सुट्टीत गावी आलो की रविवारी मी वरच्या दाराने आत आणि तू ओढ्याकडच्या. तेव्हाच मी तुला पहिल्यांदा म्हटलं, "ये की आमच्या दाराने, कोण काय करणार आहे?" तू नाक मुरडून ओढ्याकडे निघून गेलीस.

मग मी शिक्षिका झाले, तू नर्स झालीस, आणि दोघी लग्न करून मुंबईला आलो. हिवरदरीची निम्मी माणसं तोवर इकडेच होती, कुणी महापालिकेत, कुणी कंपनीत, कुणी इस्पितळात. घाटकोपरला आमच्या शाळेचा हॉल रविवारी उपासनेला मिळाला तेव्हा सगळ्यांना केवढा आनंद! पण पाहते तर हॉलला समोरासमोर दोन दारं. मी कपाळाला हात लावला. पहिल्याच रविवारी आमची माणसं रस्त्याकडून आली आणि तुमची मैदानाकडून. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. आमचे हे म्हणाले, "अगं, जो जिकडे राहतो तिकडून येतो, उगाच काहीतरी मनात आणू नकोस." बरं, म्हटलं. मग पावसाळा आला, मैदानात पोटरीएवढा चिखल झाला, तरी तुमची माणसं साड्या सावरत, चपला हातात घेऊन मैदानाकडूनच येत राहिली. मी यांना म्हटलं, "आता बोला."

रविवारी सकाळी टीव्हीवर ती पौराणिक मालिका लागायला लागली तेव्हा आपल्या लोकांनी उपासनेची वेळ बिनतक्रार पुढे ढकलून घेतली. एवढी मोठी गोष्ट एका बैठकीत झाली. दारांबद्दल मात्र एक अक्षर कुणी काढायचं नाही. तूच काढायचीस, माझ्या स्वयंपाकघरात, भाजी निवडता निवडता. "काय गं मास्तरीण, आपली पोरं पण असंच करणार?"

पोरांनी काय केलं ते तू पाहिलंसच. माझ्या प्रमिलाने आणि तुझ्या सामूने आपल्याला न विचारता परस्पर जमवलं. लग्न इथेच हॉलमध्ये उरकावं असं माझं म्हणणं, आणि तू हटून बसलीस की गावच्या देवळातच. "तिथे नाही झालं तर कुठेच झालं नाही," म्हणालीस. आमच्याकडची सगळी माणसं आली, माझी आत्यासुद्धा. आत्या म्हणजे वरच्या वाड्याचा कणा. तिने कुणाच्या हातचं काय प्यायलं नाही याच्या गोष्टी ती अभिमानाने सांगायची.

आणि तू मांडवात रुसलीस. मला आधी खरंच वाटलं की रुसलीस. वरमाईचा मान, साडी आवडली नसेल, हाराला उशीर झाला असेल. मी धावत आले तर तू खुर्चीवर पाय लांब करून बसलेली. "विहीणबाई," इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तुम्ही म्हणालीस, "तुमच्या आत्याबाईंनी मला पाणी आणून द्यावं आणि माझ्या हातचं प्यावं. त्याशिवाय मी उठत नाही." वरमाई रुसली की तिचं ऐकावं लागतं, हा नियम आत्याच सगळ्यांना शिकवत आली होती, आता ती काय बोलणार? तिने तांब्या आणला. तू प्यायलीस. मग तू तोच तांब्या भरून तिच्या हातात दिलास. आत्याने डोळे मिटून एक घोट घेतला आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "खारट हाय."

"तुमच्याच आडाचं आहे, आत्याबाई," तू म्हणालीस.

अजूनही हे लिहिताना मी एकटीच हसतेय. आत्या हसली नाही. तिने उरलेला तांब्या संपवला मात्र, आणि पुढे जेवताना तुझ्या पानात स्वतः होऊन वाढलं. एवढं सगळं झालं, पण लग्न लागल्यावर नवरा-नवरी तुमच्या दाराने बाहेर पडली तेव्हा आत्या आमच्या दाराने निघाली आणि अख्ख्या देवळाला वळसा घालून वरातीत सामील झाली. मीही तिच्याबरोबरच गेले, तिला धरायला कुणीतरी हवं म्हणून. तू वरातीतून मागे वळून पाहिलंस आणि भुवया उडवल्यास. भुवया उडवण्यात तुझा हात कुणी धरला नसता.

प्रमिलाच्या बाळंतपणात तू तिच्यापाशी रात्रंदिवस होतीस, आणि मी बाहेरच्या बाकावर हात चोळत बसण्यापलीकडे काही करू शकत नव्हते. तू बाळ गुंडाळून बाहेर आणलंस आणि माझ्या हातात ठेवलंस. थकून गेली होतीस, टोपी वाकडी झाली होती. मी तुझे आभार मानले नाहीत. विहिणींनी आभार मानायचे नसतात, असं काहीतरी मनात आलं आणि मी नातीचं नाकच बघत बसले. आता मानते. माझी लेक आणि नात दोन्ही तुझ्या हातून मला मिळाल्या, मार्था.

मग या वर्षी गावाहून निरोप आला. देवळाच्या ओढ्याकडच्या भिंतीत, तुमच्या दाराच्या चौकटीवरचा आडवा दगड तडकला आहे आणि भिंत पोटात फुगली आहे. गवंडी म्हणतो, दुसरा तसा लांब दगड मिळत नाही, खाण केव्हाच बंद पडली. तेव्हा दार बुजवून टाका, भिंत पुन्हा उभी राहील. मुंबईतल्या हिवरदरीकरांनी काय ते ठरवावं.

उपासनेनंतर बैठक बसली. नाथाकाका उठला, "आमच्या बानं मानेवर वाहिल्यालं दगड हाईत. आमचं दार बुजवू देनार न्हाई." आमच्या बाजूचे म्हणाले, अहो पण भिंत पडली तर देऊळच जाईल. आवाज चढले. आणि तू उठून शांतपणे म्हणालीस, "बुजवा आमचं दार." तुझ्याच माणसांनी तुझ्याकडे असं पाहिलं, जणू तू त्यांची भाकर हिसकावलीस. मग मी उठले आणि म्हणाले, मुळीच बुजवायचं नाही, लोखंडी पट्टी घाला, टेकू द्या, काही करा, पण दोन्ही दारं राहिली पाहिजेत. आपल्या आज्यांनी काय केलं ते पोरांना दिसायला हवं. भिंत सपाट केली की लाजही पुसली जाते, आणि लाज पुसली की पुन्हा तेच करायला माणूस मोकळा. तू बसल्या जागेवरून म्हणालीस, "शाळा सुटली, मास्तरीणबाई." सगळे हसले आणि बैठक तशीच अर्धवट उठली.

घरी येताना मी तुझ्यावर तडकले होते. "तुला काय सोंग करायचंय त्यागाचं? स्वतःचं दार बुजवा म्हणे! इतकी वर्षं तुला आमच्या दाराने ये म्हणतेय तर येत नाहीस."

तेव्हा तू रस्त्यातच थांबलीस. भाजीवालीची टोपली मधे होती, ती कान देऊन ऐकत होती. तू म्हणालीस, "तू ये म्हणतेस ना, म्हणूनच येत नाही. ये कुणाला म्हणतात गं? पाहुण्याला. मी तुमच्या दाराने आले तर तुमची पाहुणी. एकच दार असलं तर कुणी कुणाला ये म्हणायला नको. आपलं आपण जायचं." आणि मग त्या बाईला मेथी केवढ्याला विचारलंस.

मला पटलं नव्हतं असं नाही. पण माझं म्हणणंही खोटं नव्हतं, आणि मला हार मानायची सवय नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?

त्यानंतर तू आजारी पडलीस. ज्या वॉर्डात तू नोकरी केलीस तिथेच पलंगावर पडून तू पोरींना सलाईन कसं लावायचं ते ओरडून शिकवत होतीस. एकदा दुपारी मी डब्यात तुझ्या आवडीचं पिठलं आणलं. तू दोन घास खाल्लेस आणि डबा बाजूला ठेवलास. "शांते," म्हणालीस, "आपण दोघी एकदाही बरोबर आत गेलो नाही गं." मी म्हटलं, "कुठे आत?" तू म्हणालीस, "देवळात." मी म्हटलं, "बरी हो, सुगीच्या उपासनेला गावी जाऊ, काय त्या दाराचं होईल ते होईल." तू म्हणालीस, "वारा चांगला खेळतोय," आणि डोळे मिटलेस. तुझ्याशी भांडायला मी दुसऱ्या दिवशी येणार होते. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. तोवर तू गेलीस.

पण एक गोष्ट झाली बघ. त्या दिवशी हॉलमध्ये प्रार्थना संपली आणि पेटी उचलली, तेव्हा गाडी रस्त्यावरच उभी होती. पुन्हा मैदानाला वळसा घालायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. नाथाकाकासुद्धा मान खाली घालून मागे चालू लागला. तुला आमच्या दाराने बाहेर काढलं आणि मागून सगळे, तुमचे, आमचे, सगळे त्याच दाराने निघाले. मी पेटीला हात लावून चालत होते. उंबऱ्यापाशी जागा कमी, तेव्हा मला अंग चोरून पेटीला चिकटावं लागलं. आत नाही गेलो बरोबर, पण बाहेर बरोबर पडलो. ते माझ्या लक्षात आलं ते दार ओलांडून गेल्यावर.

पुढच्या रविवारी मी लवकर निघाले आणि शाळेला वळसा घालून मैदानाकडे गेले. का गेले, मला सांगता येणार नाही. तुझ्या दाराशी उभी राहिले तर समोर काय दिसावं? आमचं दार. उघडं, आणि त्यात कुणी नाही. मग मला कळलं की हॉलमध्ये काय आणि हिवरदरीत काय, दर रविवारी आत येताना मी सगळ्यांत आधी तुलाच बघत आले. समोरच्या दारात तू, पदर सावरत, पुस्तक काखेत, आली का मास्तरीण म्हणून बघणारी. परकरात होतो तेव्हापासून. दोन दारांचं मला एवढं प्रेम का होतं, ते तेव्हा उमगलं. मी म्हणत होते इतिहास, लाज, पोरांना दिसायला हवं. ते खरंच होतं. पण मला दार हवं होतं ते तुझ्यासाठी, आणि आता त्यात तू येणार नव्हतीस. मी तुझ्या बाजूला, तुझ्या जागेवर बसले. तुझ्या शेजारणीने सरकून जागा दिली.

उपासनेनंतर बैठक होती. गवंडी सुगीच्या आधी यायला तयार होता, त्याला उत्तर हवं होतं. आमच्याकडचे एक गृहस्थ म्हणाले, "मार्थाबाई गेल्या. त्या एकट्याच बुजवा म्हणत होत्या. तेव्हा शांताबाईंचं मान्य करून टाकू, टेकू द्या आणि दोन्ही राहू द्या." नाथाकाकाने मान हलवली. मी जिंकले होते, मार्था. सगळा हॉल माझ्या बाजूने, आणि समोर वाद घालायला कुणी नाही. असलं जिंकणं घेऊन मी काय करू?

मी उठले आणि आधी तुझं म्हणणं मांडलं. पाहुण्याचं, ये म्हणण्याचं, सगळं. भाजीवालीसकट. तू ते रस्त्यात बोललीस तसंच बोलले. बायका पदराने डोळे पुसायला लागल्या, म्हणजे बरं बोलले असेन. एकाने विचारलं, "बाई, मग बुजवायचं म्हणता?"

"बुजवायचं," मी म्हटलं, "पण त्यांचं नाही. आमचं. आमच्या दारावरचा दगड धडधाकट आहे, तो काढा आणि त्यांच्या दारावर घाला. आमचं दार दगडांनी बुजवा. बुजवलेलं दार भिंतीत दिसतंच, कितीही सारवलं तरी. पोरं विचारतील इथे काय होतं, तेव्हा आम्ही सांगू. आमच्या आज्याने काय केलं ते आमच्या भिंतीवर राहू दे. आणि आत जायला एकच दार, ओढ्याकडचं."

आमच्या बाजूला केवढी कुजबुज झाली! आमचे हे माझ्याकडे बघतच राहिले, चाळीतल्या नळाला अवेळी पाणी आल्यावर बघावं तसे. एक जण म्हणाला, बरं चाललेलं दार मोडायचं हा कुठला न्याय? दुसरा म्हणाला, म्हाताऱ्या आत्याबाईंना ओढ्याकडे उतरून जावं लागेल. मी म्हटलं, "उतरतील. मी धरीन." बराच वेळ वाद झाला, आणि मग नवे पाळकसाहेब एवढंच म्हणाले की मला हे बरोबर वाटतं. हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे.

माणसं उठल्यावर नाथाकाका काठी टेकत माझ्याकडे आला. "मारथी असती तर न्हाई म्हनली असती," तो म्हणाला. "तुझं दार तिनं मोडू दिलं नसतं."

"म्हणून तर ती नसताना मांडलं, काका," मी म्हटलं. तो हसला, मग रडला, आणि मी त्याला हाताला धरून मैदानाकडच्या फाटकापर्यंत सोडलं.

गावी आत्याला निरोप गेला. आम्ही सगळे घाबरून होतो. तिचं उत्तर आलं की दार कुठलंही करा, पण उन्हातून येणाऱ्या माणसाला आत शिरताना पाणी ठेवा. पाणी आमच्याच आडाचं ठेवा म्हणाली. तू असतीस तर आजचा दिवस तुला हसायला पुरला नसता.

आता सुगीची उपासना जवळ आली आहे. प्रमिला, सामू, नात, आम्ही सगळे जाणार. तोवर दगड तुझ्या दारावर चढलेला असेल. मी आत येईन तेव्हा समोर कुणी दिसणार नाही, समोर बुजवलेली भिंत असेल. त्याची सवय करावी लागेल, करीन. आत्याला एका हाताने धरलेलं असेल, नात कडेवर असेल आणि माझी नेहमीची घाई असेल. तुझ्या दाराशी मी थांबणार नाही, मार्था. तूही मला ये म्हणू नकोस.